बाळंतिणीची वेदना आणि आमचा उपदेश

धर्मगुरूच्या आयुष्यात उपदेशाचे प्रसंग पुष्कळ येतात. मिस्सातील प्रवचने, घरोघरच्या प्रार्थनासभा, आजाऱ्यांच्या भेटी, विवाहपूर्व मार्गदर्शन. बोलावे तर लागतेच. त्यांतले बहुतेक आम्ही विसरतो, ऐकणारे तर त्याहून लवकर विसरतात आणि त्यात दोघांचीही सोय असते. परंतु २००१ साली दिलेला एक उपदेश आम्हांला विसरता आलेला नाही. तो चार वाक्यांचा होता. तो चुकीचा होता, हे कळावयास आम्हांला फार वर्षे लागली. वाचकांपुढे आज त्याचा कबुलीजबाब द्यावा, असे मनात आहे.

तो मार्च महिना होता आणि प्रायश्चित्तकाळ चालू होता. आम्हांला दीक्षा मिळून जेमतेम चार वर्षे झाली होती. लातूर जिल्ह्यातील एका लहानशा धर्मग्रामात आम्ही सेवेला होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपाच्या खुणा त्या भागातील माणसांच्या बोलण्यात अजून ताज्या होत्या. ज्यांनी एका पहाटेत घरदार आणि माणसे गमावली, त्यांना सहनशीलतेचे धडे देण्याची खरे तर गरज नव्हती. तरी दर शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ झाली की आम्ही दुःखाच्या मोलाविषयी मोठ्या तळमळीने बोलत असू.

अशाच एका शुक्रवारी संध्याकाळी एक तरुण प्रापंचिक धापा टाकीत आला. त्याच्या पत्नीचे तालुक्याच्या गावी सिझर झाले होते. पहिलेच अपत्य, मुलगी होती. “फादर, येऊन आशीर्वाद द्या,” म्हणाला. आम्ही मोटारसायकल काढली.

खोलीत तीन खाटा होत्या. त्या बाई उताण्या पडल्या होत्या. लुगड्याचा पदर मुठीत गच्च धरलेला होता आणि कपाळावर घाम होता. पाठीत दिलेल्या सुईचा अंमल दुपारीच उतरला होता. बाळ आजीच्या मांडीवर रडून लाल झाले होते. परिचारिकेने सांगितले, “इंजेक्शन दिलंय, आता पुढचं रात्री.” सासूबाई आम्हांला पाहून म्हणाल्या, “पहिलटकरीन हाय, फादर. जरा सोसाया शिकलं पायजे. आम्ही तर खुरपता खुरपता बाळंत झालाव.” आणि आम्ही? दुपारचे प्रवचन अजून जिभेवर होते. आम्ही म्हणालो, “बाई, प्रभूने क्रुसावर याहून मोठ्या वेदना सोसल्या. आपली वेदना त्याच्या वेदनेला जोडा. ती देवाला अर्पण करा. तिचे तो सोने करील.”

बाईंनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाल्या, “देवाला द्यायला माझी ना नाही, फादर. पर लेकरू रडू लालंय, अन् मला कुशीवर होता येईना. ते बी देवाचंच हाय की.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही प्रार्थना म्हटली, बाळाच्या कपाळावर क्रूस केला आणि बाहेर पडलो. त्या रात्री त्या मुलीला आईचे चीक दूध मिळाले नाही. वाटीतले साखरपाणी चमच्याने पाजले गेले, असे मागाहून कळले.

तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मागे लागला. आम्ही सांगितले त्यात खोटे काय होते? दुःखाला ख्रिस्ती श्रद्धेत अर्थ आहे, हे आम्ही आजही मानतो. मग त्या खाटेपाशी ते शब्द पोकळ का वाटले?

उत्तर शोधू गेल्यावर ध्यानात आले की, ते आम्हांला सेमिनरीत शिकविले गेले होते आणि त्यावर आम्ही परीक्षाही उत्तीर्ण झालो होतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात पतनानंतर स्त्रीच्या वाट्याला प्रसूतीचे क्लेश येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. बाळंतपणात दुखलेच पाहिजे, हा समज पुष्कळांच्या मनात तेथून आला. परंतु मूळ हिब्रू भाषेत त्या ठिकाणी ‘इत्साबोन’ हा शब्द आहे आणि पुढच्याच ओवीत आदामाच्या शेतीच्या कष्टांसाठीही तोच शब्द योजिला आहे. आता मराठवाड्यातील शेतकऱ्याचे कष्ट आम्ही पाहिलेले आहेत. त्याने विहिरीवर मोटर बसविली, नांगरटीला ट्रॅक्टर लावला, तर देवाच्या आज्ञेचा भंग झाला असे कोणत्याही धर्मगुरूने म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट आम्ही ट्रॅक्टरला पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतो! मग पुरुषाच्या कष्टांवर उपाय चालतो आणि स्त्रीच्या वेदनेवर मात्र चालत नाही, हा न्याय कोणता?

हा वाद नवा नव्हे. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील डॉक्टर जेम्स यंग सिम्सन यांनी १८४७ साली प्रसूतीच्या वेळी प्रथम ईथर आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरले. धर्माच्या नावाने आक्षेप घेणारे निघाले, तेव्हा त्यांना उत्तर म्हणून सिम्सन यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका लिहिली. आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप दिली होती, याची आठवण त्यांनी आक्षेपकांना करून दिली. पुढे ७ एप्रिल १८५३ रोजी डॉक्टर जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी क्लोरोफॉर्म दिले आणि उच्चभ्रू समाजातला विरोध बराचसा निवळला.

आपल्या पवित्र सभेचे म्हणणे तर अगदी स्पष्ट आहे. पोप बारावे पायस यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे वेदनारहित प्रसूतीविषयी भाषण केले. प्रसूती सुलभ आणि कमी वेदनेची करणारे उपाय योजण्यास पवित्र शास्त्र मातांना मनाई करीत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. पुढच्या वर्षी, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी, भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देताना त्यांनी सांगितले की, वेदना ही वेदना म्हणून हवीशी वाटावी असे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. ती कमी करून घेणे योग्यच आहे. कोणी स्वेच्छेने काही सोसू इच्छीत असेल, तर ती त्या व्यक्तीची स्वतःची निवड असते. ‘स्वतःची’ हा शब्द येथे महत्त्वाचा. त्या बाईंची वेदना अर्पण करण्याचा अधिकार त्यांचा होता. ती त्यांच्या वतीने परस्पर अर्पण करून टाकण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता?

आणखी एक गोष्ट. क्रुसावर चढविण्यापूर्वी प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला आणि त्याने तो घेतला नाही, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. आमच्या प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांत हा प्रसंग हटकून येत असे. परंतु ज्याने स्वतःसाठी ते पेय नाकारले, त्याने दुसऱ्या एकाही आजाऱ्याला ‘तुझे दुखणे तुझ्यापाशीच ठेव’ असे सांगितले नाही. त्याच्या दृष्टांतातील शोमरोनी वाटेवर पडलेल्या माणसाला उपदेश करीत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो.

असो. वर्षे गेली. आमच्या बदल्या झाल्या आणि फिरत फिरत आम्ही गोदाकाठी नांदेडला आलो. २००१ साली जन्मलेली ती मुलगी शिकली आणि नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात तिला दिली गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत, पुन्हा प्रायश्चित्तकाळातच, तिच्या वडिलांचा निरोप आला : “फादर, लेक नांदेडलाच ॲडमिट हाय. काल सांच्याला सिझर झालं. मुलगा हाय.”

आम्ही सकाळी रुग्णालयात गेलो. खरे सांगावयाचे तर पाय जड झाले होते; ती जुनी खोली डोळ्यांपुढे होती. आत पाहिले तो मुलगी उशीला टेकून बसली होती आणि बाळ अंगावर पीत होते. शस्त्रक्रियेला चौदा-पंधरा तास झाले होते. आई शेजारी उभी होती. तीच, तेवीस वर्षांपूर्वीची बाळंतीण, आता आजी. तिच्या चेहऱ्यावर आनंद तर होताच, पण काहीसे नवलही होते. “पोटाला दोन्ही बाजूंनी इंजेक्शन दिलं म्हनं, फादर. रात्रभर झोपली,” ती म्हणाली. मग थोडे थांबून विचारले, “आमच्या टायमाला हे नव्हतं का?”

हा प्रश्न आम्ही तेथील भूलतज्ज्ञ डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्या तरुण होत्या, लातूरकडच्याच होत्या आणि घाईत असूनही त्यांनी आम्हांला नीट समजावून सांगितले. त्यांनी सांगितलेले वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून आमच्या शब्दांत देतो.

सिझरनंतर दोन प्रकारची दुखणी असतात. एक पोटावरील छेदाचे आणि दुसरे आत आवळणाऱ्या गर्भाशयाचे. पाठीत दिलेली भूल दोन्ही थांबविते, पण साधारण दोन-तीन तासच. पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात, घडीच्या पोळीला पापुद्रे असावेत तसे. छेदाची वेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू आतल्या दोन थरांच्या मधून धावतात. शस्त्रक्रिया संपताच, पाठीतल्या भुलेचा अंमल असतानाच, सोनोग्राफीच्या पडद्यावर ते थर पाहत बारीक सुई नेमकी त्या दोहोंच्या मध्ये नेतात आणि बधिर करणारे औषध सोडतात. औषध शिरताच दोन पापुद्रे अलग होताना पडद्यावर दिसतात. उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा. शेतकरी पाण्याला दारे धरतो आणि पाटाचे तोंड बंद करून एका वाफ्याकडे जाणारे पाणी थोपवितो, तसेच हे. वेदनेचा पाट वाटेतच अडविला जातो. पण माता जागी असते, तिचा श्वास मोकळा असतो, बाळाला ती ओळखते आणि कवटाळते. याला डॉक्टर ‘टॅप ब्लॉक’ म्हणतात. त्याचा परिणाम बहुधा आठ-बारा तास, कधी त्याहून अधिक टिकतो. म्हणजे नेमकी ती पहिली रात्र निभावते.

मात्र हा काही चमत्कार नव्हे, हेही त्यांनी बजावले. गर्भाशयाच्या कळा या सुईने थांबत नाहीत. त्यांसाठी पॅरासिटामॉल आणि सूज उतरविणारे औषध घड्याळाच्या ठोक्यावर द्यावे लागते, रुग्ण कण्हू लागल्यावर नव्हे. जेथे पाठीच्या सुईतूनच थोडे मॉर्फीन देतात, तेथे या ब्लॉकचा वेगळा फायदा थोडाच. पण मॉर्फीन दिल्यावर श्वासावर रात्रभर लक्ष ठेवावे लागते आणि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते जवळ बाळगणे लहान रुग्णालयांना अवघड झाले. २०१४ साली त्या कायद्यात सुधारणा झाली, तरी सवयी लवकर बदलत नाहीत. म्हणून आपल्याकडे या ब्लॉकचे मोल अधिक. बधिरतेचे औषध प्रमाणाबाहेर गेले किंवा रक्तवाहिनीत शिरले, तर कानांत आवाज येणे, जीभ बधिर होणे येथपासून झटके आणि हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडापर्यंत धोका संभवतो. चाळीस किलो वजनाच्या माउलीला साठ किलोचे माप चालत नाही. क्वचित पायात तात्पुरता अशक्तपणा येतो. म्हणून पहिल्यांदा उठताना कोणाचा तरी आधार हवा.

“आणि हे निघाले केव्हा?” आम्ही विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “रफी नावाच्या भूलतज्ज्ञाने ही पद्धत प्रथम वैद्यकीय नियतकालिकात मांडली, ती २००१ साली.”

आम्ही चमकलोच. त्याच वर्षी! पुढे २००८ साली आयर्लंडमधील डॉक्टरांनी सिझर झालेल्या ५० मातांवर तिची कसोटी घेतली, तेव्हा ब्लॉक मिळालेल्या मातांना मॉर्फीन पुष्कळच कमी लागले. म्हणजे त्या बाईंना २००१ च्या मार्चमध्ये हा उपाय मिळणे शक्यच नव्हते. क्षणभर आमच्या मनावरचे ओझे हलके झाले. पण डॉक्टरबाईंचे बोलणे संपले नव्हते. “तरी फादर, जखमेच्या कडांना तेच औषध टोचता आले असते. गोळ्या-इंजेक्शने वेळेवर देता आली असती. त्याला यंत्र लागत नाही. ते तेव्हाही होते.”

याचा अर्थ उघड होता. त्या रात्री उणीव केवळ शास्त्राची नव्हती. बाळंतिणीचे दुखणे हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, असे त्या खोलीत कोणालाच वाटले नव्हते. नवऱ्याला नाही, सासूला नाही, परिचारिकेला नाही आणि ज्याने विचारावयास हवे होते त्या धर्मगुरूला तर नाहीच. आमच्या चार वाक्यांनी त्या गप्प बसण्यावर धर्माची मोहोर उठविली होती.

या सोनोग्राफीच्या यंत्राविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. मराठवाड्यात या यंत्राने दुसरेही काम केले आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या केवळ ८०७ आणि २०१२ साली परळीत उघडकीस आलेल्या प्रकरणाने साऱ्या राज्याची मान खाली गेली. म्हणूनच प्रत्येक यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. भूलतज्ज्ञाने केवळ सुईची वाट पाहण्यासाठी आणलेल्या यंत्रालाही त्यातून सूट नाही. कागदपत्रांच्या या कटकटीमुळे कित्येक ठिकाणी शस्त्रक्रियागृहात असे यंत्र येत नाही. आम्ही त्या कायद्याला दोष देणार नाही. पोटातील मुलींचे प्राण त्यावर अवलंबून आहेत. पण काही लोकांच्या पापाची किंमत वेदनेने तळमळणाऱ्या मातांना मोजावी लागते, हे मात्र खरे. त्यातही समाधान इतकेच की, आपल्या गोष्टीतील मुलगी जन्माला आली, तिच्या बापाने पेढे वाटले आणि आज तीच आई झाली आहे.

कोणी म्हणेल, ही चैन झाली. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत तीसहून अधिक रुग्ण दगावले, त्यांत नवजात बालकेही होती. जेथे जीव वाचण्याची भ्रांत, तेथे वेदनेचे कौतुक कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण वेदना कमी झालेली आई लवकर उठते, चालते आणि त्यामुळे पायांत रक्ताच्या गाठी होण्याचे भय कमी होते. ती दीर्घ श्वास घेऊ शकते. तिचे बाळ लवकर अंगावर पिऊ लागते आणि ज्या भागात बालके दगावतात, त्या भागात आईचे पहिले दूध ही चैन नव्हे. शिवाय हा प्रश्न आता थोड्यांचा राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २५.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या. इतकी सिझर आवश्यक आहेत का, हा वेगळा आणि विचारण्याजोगा प्रश्न आहे. पण ज्या मातेचे पोट उघडले गेले, तिच्यासाठी पुढची रात्र अटळ असते.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना आम्ही आता विवाहपूर्व मार्गदर्शनातच सांगतो : सिझर ठरले, तर सहीचा कागद पुढे येताच भूलतज्ज्ञांना नम्रपणे विचारा की, पाठीच्या सुईचा अंमल उतरल्यावर दुखण्यासाठी काय देणार आहात? ब्लॉक होतो का? नसेल तर जखमेत औषध टोचता येईल का? गोळ्या किती तासांनी? बाळंतिणीचे वजन सांगा, पूर्वी कोणत्या औषधाचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. शासकीय रुग्णालयात जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझर आणि औषधे मोफत आहेत, तेव्हा विचारण्यात संकोच नको. हे प्रश्न बाळंतिणीने विचारावयाचे नसतात. ते नवऱ्याने विचारावयाचे असतात. आणि सासूबाईंना एवढीच विनंती, की तुम्ही सोसले ते मोठेच होते. पण ते सुनेला वारसा म्हणून देण्याची गरज नाही.

पास्काच्या सणानंतर त्या बाळाचा स्नानसंस्कार आमच्याच हातून झाला. जेवणे आटोपल्यावर आम्ही त्या नव्या आजीला बाजूला बोलावले आणि म्हणालो, “बाई, तुमच्या सिझरच्या वेळी आम्ही जे बोललो, ते चुकीचे होते. तुम्हांला औषध देववण्यासाठी आम्ही सिस्टरांशी बोलावयास हवे होते. आम्हांला क्षमा करा.”

त्या आमच्याकडे पाहतच राहिल्या. त्यांना ते शब्द आठवत होते की नाही, कोण जाणे. मग तोंडाला पदर लावून हसल्या आणि म्हणाल्या, “जाऊ द्या, फादर. तवा मी बी पहिलटकरीन होते, अन् तुमी बी पहिलटकरच की.”